बालकांचा मूत्रपिंड-विकार : औषध लागू पडेल की नाही, हे कसे कळते?



सकाळी उठल्यावर मुलाचे डोळे सुजलेले दिसतात आणि दुपारपर्यंत सूज उतरते. झोप जास्त झाली असेल, डास चावला असेल किंवा दृष्ट लागली असेल, असे म्हणून घरातील मंडळी ती गोष्ट सोडून देतात. पुढे पाय सुजतात, पोट फुगते, लघवी कमी होते व तिला फेस येऊ लागतो. विशेषतः २ ते ६ वर्षे वयाच्या मुलात ही लक्षणे दिसल्यास 'नेफ्रोटिक सिंड्रोम' या विकाराची शंका घेऊन लघवीची तपासणी तातडीने करून घ्यावी. हा विकार विरळा आहे. दर वर्षी एक लाख मुलांमागे साधारणतः २ ते ७ मुलांना तो नव्याने होतो. मात्र आपल्या उपखंडातील मुलांत त्याचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळते. मच्छे व परिसरातील पालकांना याची माहिती असावी, या हेतूने प्रस्तुत लेख सादर करीत आहोत.

विकाराचे स्वरूप

मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या लक्षावधी सूक्ष्म चाळण्या असतात. शरीरातील टाकाऊ द्रव्ये त्यांतून खाली जातात आणि रक्तातील प्रथिने वर राखली जातात. या विकारात चाळणीची छिद्रे जणू सैल होतात व अल्ब्युमिन नावाचे प्रथिन लघवीवाटे वाहून जाते. रक्तात पाणी धरून ठेवण्याचे काम मुख्यत्वे अल्ब्युमिन करीत असल्याने ते घटले की पाणी ऊतींमध्ये साचते व सूज येते. रोगाशी लढणारी काही प्रथिनेही याच वाटेने जातात, म्हणून अशा मुलांना जंतुसंसर्ग लवकर होतो. स्टेरॉइड औषधे व प्रतिजैविके उपलब्ध होण्यापूर्वीच्या काळात अनेक मुले या जंतुसंसर्गानेच दगावत असत.

पालकांचा पहिला प्रश्न

निदान होताच आई-वडील विचारतात, "डॉक्टर, आमचे मूल बरे होईल ना? औषध लागू पडेल ना?" डॉक्टर त्या दिवशी नेमके उत्तर देत नाहीत, याचे अनेकांना वाईट वाटते. परंतु पहिल्याच दिवशी खात्रीने उत्तर देईल अशी कोणतीही तपासणी आजही नित्य व्यवहारात आलेली नाही. काही खुणांवरून अंदाज तेवढा बांधता येतो. मूल एक वर्षाच्या आतील असेल, लघवीतून बरेच रक्त जात असेल, रक्तदाब सतत वाढलेला असेल, मूत्रपिंडाचे कार्य मंदावलेले असेल किंवा भावंडांत हाच विकार असेल, तर डॉक्टर अधिक सावध होतात. यांपैकी काहीही नसेल, तर आशेला भरपूर जागा असते.

औषध हीच परीक्षा

या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्राला एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासातून मिळाले. १९६७ पासून अनेक देशांतील बालरोगतज्ज्ञांनी एकत्र येऊन या मुलांच्या नोंदी ठेवल्या. उपचारापूर्वी प्रत्येक मुलाच्या मूत्रपिंडाचा सूक्ष्म तुकडा काढून, म्हणजे बायोप्सी करून, तो तपासण्यात आला. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार ४७१ मुलांपैकी ३६८ मुलांच्या, म्हणजे सुमारे ७८ टक्के मुलांच्या लघवीतील प्रथिने स्टेरॉइड औषधाने थांबली. औषध लागू पडलेल्या या मुलांपैकी ९० टक्क्यांहून अधिक मुलांत मूत्रपिंडाचा सौम्य प्रकारचा बदलच आढळला होता.

याचा अर्थ असा, की जे बायोप्सीतून कळायचे ते बहुतांश मुलांत औषधाच्या परिणामावरूनच कळते. म्हणून नेहमीची लक्षणे असलेल्या मुलाची आता प्रारंभी बायोप्सी केली जात नाही. प्रथम प्रेडनिसोलोन हे औषध दिले जाते आणि लघवीतील प्रथिने थांबतात की नाही, हे पाहिले जाते. मुलाच्या पुढील आयुष्याचा सर्वांत विश्वासार्ह संकेत हाच मानला जातो. ज्यांना औषध लागू पडते, त्यांतील बहुतेक मुलांत चार आठवड्यांच्या आतच प्रथिने थांबतात. अशा मुलांचे मूत्रपिंड पुढे निकामी होण्याची भीती फारच थोडी असते.

भारतीय बालमूत्रपिंडरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिल्या वेळी औषध सहा आठवडे रोज व नंतर सहा आठवडे एक दिवसाआड दिले जाते. सहा आठवडे रोज औषध घेऊनही प्रथिने थांबली नाहीत, तरच 'स्टेरॉइड लागू पडत नाही' असे म्हटले जाते.

घरातील वहीचे महत्त्व

ही परीक्षा रुग्णालयात कमी आणि घरात अधिक होते. रोज सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी डॉक्टरांनी शिकविल्याप्रमाणे पट्टीने, आम्लाचे थेंब घालून किंवा लघवी तापवून करता येते. तिचा निकाल तारखेसह वहीत लिहावा. सलग तीन दिवस प्रथिने नाहीत किंवा केवळ अंशमात्र आहेत, असे दिसले की विकार आटोक्यात आला असे समजतात. सलग तीन दिवस तीन किंवा चार अधिक चिन्हे आली, तर विकार उलटला असे समजून त्वरित डॉक्टरांकडे जावे.

येथेच अनेक घरांत चूक होते. सूज उतरली की मूल बरे झाले असे वाटते. स्टेरॉइडने चेहरा गोल होतो, भूक वाढते, चिडचिड होते. शेजारी-पाजारी भीती घालतात व औषध मध्येच बंद केले जाते. त्यामुळे दुहेरी हानी होते. बरेच दिवस घेतलेले स्टेरॉइड एकाएकी थांबविल्यास शरीराला स्वतःचे आवश्यक संप्रेरक तत्काळ तयार करता येत नाही व मुलाच्या जिवावर बेतू शकते. शिवाय परीक्षाच अपुरी राहते. औषध लागू पडले नाही की ते पोटात गेलेच नाही, हे डॉक्टरांना उमगत नाही आणि गरज नसताना मुलाला अधिक तीव्र औषधांकडे जावे लागते.

विकार उलटणे म्हणजे अपयश नव्हे

औषध लागू पडलेल्या मुलांपैकीही बहुसंख्य मुलांत विकार एकदा तरी उलटतो. बऱ्याचदा साध्या सर्दी-खोकल्याचे निमित्त होते. त्यामुळे खचून जाऊ नये. पुन्हा औषध दिल्यावर प्रथिने पुन्हा थांबतात, हेच शुभ लक्षण होय. वारंवार उलटणाऱ्या विकारासाठी लेव्हामिसोल, मायकोफेनोलेट यांसारखी अन्य औषधेही उपलब्ध आहेत. वय वाढेल तसे बहुतेक मुलांत उलटण्याचे प्रमाण कमी होत जाते.

औषध लागू न पडल्यास

साधारणतः १० ते २० टक्के मुलांत स्टेरॉइडचा उपयोग होत नाही. अशा वेळी बायोप्सी व जनुकीय तपासणीचा विचार होतो. २००० साली फ्रान्समधील संशोधकांनी चाळणीतील 'पोडोसिन' या प्रथिनाच्या जनुकातील दोष शोधून काढला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, १७८३ कुटुंबांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात सुमारे ३० टक्के कुटुंबांत असा एखादा जनुकीय दोष सापडला. चाळणीची घडणच सदोष असेल, तर रोगप्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचा सहसा उपयोग होत नाही. हे आधी कळले, तर मुलाचा व्यर्थ औषधांचा त्रास आणि कुटुंबाचा खर्च वाचतो. दोष न सापडलेल्या मुलांत सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस यांसारख्या औषधांनी पुष्कळदा गुण येतो.

उत्तर कर्नाटकात व आपल्या सीमाभागात काही समाजांत मामा-भाची व आते-मामे भावंडांचे विवाह रूढ आहेत. यांतील अनेक जनुकीय दोष आई व वडील या दोघांकडून आले तरच विकार होतो आणि जवळच्या नात्यात तशी शक्यता वाढते. यात कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. मात्र ही माहिती संकोच न बाळगता डॉक्टरांना अवश्य सांगावी.

अलीकडे, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात विकार सक्रिय असलेल्या व औषधे सुरू न झालेल्या सुमारे ९० टक्के मुलांच्या रक्तात चाळणीतील 'नेफ्रिन' या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे आढळली. पुढेमागे अशा तपासणीने पहिल्याच दिवशी अंदाज बांधता येईल, अशी आशा संशोधकांना वाटते. तोवर पूर्ण घेतलेले औषध व घरातील वही, हीच आपली साधने आहेत.

भाविकांस नम्र विनंती

१. अंगारा लावावा, नवस बोलावा. परंतु औषधाची एकही मात्रा चुकवू नये.

२. सूज असताना मुलास पापड, लोणचे, फरसाण असे खारट पदार्थ देऊ नयेत. यात्रेतही हे पथ्य पाळावे. मुलास उपवास करावयास लावू नये.

३. घरात अथवा शाळेत कोणास कांजिण्या आल्यास देवीचा कोप समजून लपवू नये. स्टेरॉइड घेणाऱ्या मुलास कांजिण्या घातक ठरू शकतात, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

४. ताप, पोटदुखी किंवा सतत उलट्या होत असल्यास थांबू नये. कोणतीही लस डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावी.

५. दर भेटीस वही सोबत न्यावी.

औषध लागू पडेल की नाही, हे पहिल्या दिवशी कोणी सांगू शकत नाही. सहा आठवड्यांच्या निष्ठेने मात्र ते कळते. ती निष्ठा पालकांच्या हाती आहे. सर्व बालकांस उत्तम आरोग्य लाभो, हीच प्रार्थना.