आयटी मदतनीस : अंतर, तास, दाम

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून उल्हासनगर ५८, अंबरनाथ ६० आणि बदलापूर ६८ किलोमीटर. या गावांहून निघून ठाण्यास गाडी बदलून ऐरोली-घणसोलीच्या कचेऱ्यांत विसरलेले पासवर्ड नि अडलेले प्रिंटर मार्गी लावावयास जाणाऱ्या कर्मचाऱ्याच्या या प्रवासाची नोंद हजेरीपटावर होत नाही.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने मुळात दिवसास ९ व आठवड्यास ४८ तासांची मर्यादा घालून जादा कामास दुप्पट दर ठरविला. तथापि कंत्राटी मदतनिसास हुकूम एकाचा नि पगार दुसऱ्याचा, तेव्हा दाद कोणाकडे मागावी? १९७० च्या कंत्राटी कामगार अधिनियमाने, ठेकेदाराने थकविलेले वेतन चुकते करण्याची जबाबदारी मूळ मालकावर टाकली होती.