औषध अंगात शिरते कोणत्या वाटेने?

डॉक्टर देतात तेही औषध आणि आपण द्राक्षबागेवर मारतो तेही औषधच. दोघांचा एक नियम सारखा आहे : औषध किती, याइतकेच ते कोणत्या वाटेने गेले यालाही महत्त्व असते. गोळी पोटातून सावकाश लागू पडते, शिरेतले इंजेक्शन लगेच. फवारणीचे तसेच.

"मी काही ते पीत नाही, मग बाधेल कसे?" असे पुष्कळ जण म्हणतात. पोटात गेलेले औषध आधी यकृतात जाते. तेथे काही औषधांचा जोर मोडतो (काही मात्र तेथेच जास्त जहाल होतात). कातडीतून व श्वासातून गेलेले औषध यकृताला वळसा घालून सरळ रक्तात उतरते. ब्लोअरचे बारीक तुषार फुफ्फुसात पोचले की वेळ लागत नाही. तोंडाला बांधलेला ओला रुमाल हे तुषार अडवीत नाही, उलट औषध नाकाशी धरून ठेवतो.

मोठी वाट कातडीची. 1971 साली अमेरिकेत पॅरॅथिऑन हे कीटकनाशक माणसांच्या कातडीवर लावून तपासले गेले. कोपराखालच्या हातातून सुमारे 9 टक्के आत गेले, डोक्याच्या कातडीतून 32, काखेतून 64 आणि अंडकोशावरच्या कातडीतून जवळजवळ सगळेच! म्हणजे पाठीवरचा पंप गळून पाणी कमरेखाली उतरले, तर तसेच काम रेटू नये. घाम व ऊन असले की कातडी आणखी शोषते. तेलकट, पाण्यात दुधासारखी होणारी औषधे भुकटीपेक्षा लवकर मुरतात. आणि धोका फक्त फवारताना नसून बाटलीतले दाट औषध मापतानाही आहे. तिथेच आपण उघड्या हाताने ढवळतो!

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी डोक्याएवढी वाढली होती. फवारा अंगावरच येत होता. किमान वीस शेतकरी व मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. त्यांपैकी बहुतेकांनी औषध तोंडाला लावलेले नव्हते.

आपल्या निफाड-दिंडोरीकडे आणखी एक गोष्ट आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. ते कातडीतून आत जाते, आणि दारू पचताना शरीरात जे विषारी द्रव्य तयार होते त्याचे पुढचे मोडणे थांबवते. संध्याकाळी थोडी घेतली तरी तोंड लालबुंद होते, धाप लागते, छाती धडधडते, रक्तदाब उतरतो. म्हणून पेस्टच्या आदल्या दिवसापासून पुढे आठवडाभर दारू नको. मजुरांना हे मालकानेच सांगावे, रबरी हातमोजेही त्यानेच द्यावेत. फडक्याचे मोजे भिजतात, ते नसलेले बरे.

नोझल तुंबले तर फुंकू नका, काडीने किंवा जुन्या दातब्रशने साफ करा. हात धुतल्याशिवाय तंबाखू मळू नका. तीही तोंडाचीच वाट आहे!

चक्कर, मळमळ, लाळ, धूसर दिसणे सुरू झाले की कपडे आधी उतरवा, साबण-पाण्याने अंग धुवा, डोके व काखाही. दूध-तूप पाजू नका, ओकारी काढू नका. 108 ला फोन करा आणि बाटली किंवा तिचे लेबल बरोबर न्या. नाव कळले तरच डॉक्टरांना योग्य उतारा देता येतो.