अंगालगतचा वारा

धान्य उफणताना शेतकरी तिवईवर उभा राहतो. उंचावर वारा चांगला लागतो, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण जमिनीलगत वारा मंद का?

हवा थोडी का होईना, चिकट असते. घन वस्तूला अगदी लागून असलेली हवा तिथेच थबकते. तिच्या वरची जराशी सरकते, त्याहून वरची आणखी. फिरत्या पंख्याच्या पात्यावरही धूळ टिकते, त्याचे एक कारण हेच. या मंदावलेल्या पातळ थराला सीमास्तर म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांनी ही कल्पना १९०४ साली हायडेलबर्गच्या गणित परिषदेत मांडली.

आता उदबत्तीचा धूर पाहा. आधी रेघेसारखा सरळ चढतो, मग भोवरे खात विसकटतो. विमानाच्या पंखावरचा सीमास्तरही असाच: पुढच्या कडेशी शिस्तीत वाहतो, मागे खळबळतो. या खळबळीला संक्षोभ म्हणावे. त्यात वरची वेगवान हवा खाली उतरून पंखाला घासते, घर्षण वाढते, आणि इंधन जास्त जळते.

मग उपाय काय? एक, पंख अगदी गुळगुळीत ठेवायचा. दुसरा, मंदावलेली हवा बारीक फटींतून आत शोषून घ्यायची. अमेरिकेत १९६३ पासून एक्स-२१ विमानावर हे करून पाहिले. उपाय लागू पडला, पण किडे, धूळ असल्या क्षुल्लक गोष्टीही असा प्रवाह बिघडवतात. तिसरा उपाय शार्क माशाने सुचवला. त्याच्या कातडीवर प्रवाहाच्या दिशेने सूक्ष्म सऱ्या असतात. तशा सऱ्या पाडल्या, तर संक्षोभ असूनही घर्षण प्रयोगशाळेत सुमारे ८ टक्क्यांपर्यंत घटते.

मात्र संक्षोभ नेहमीच वैरी नव्हे बरे! शांत थर लवकर दमतो आणि पृष्ठभाग सोडतो. पंखावरून हवा अशी सुटली, की उचल ढासळते; विमानाला तो मोठाच धोका. खळबळत्या थराला वरून नवा जोर मिळत राहतो, म्हणून तो अधिक काळ चिकटून राहतो. यासाठीच पुष्कळ विमानांच्या पंखांवर बोटाएवढ्या पट्ट्या उभ्या बसवतात. त्या मुद्दाम भोवरे उठवतात. गोल्फच्या चेंडूवरचे खळगेही याच कामाचे. त्यांच्यामुळे चेंडूमागचा भोवऱ्यांचा पट्टा अरुंद होतो आणि चेंडू लांब जातो.

तेव्हा संक्षोभावर ताबा म्हणजे केवळ त्याला दडपणे नव्हे. घर्षण जड जाते तिथे थर शांत ठेवावा. हवा सुटण्याचे भय असेल तिथे तो जागवावा. शिक्षकांनी वर्गाची दारे-खिडक्या लावून उदबत्तीचा प्रयोग जरूर दाखवावा. धूर कुठे मोडतो, ते मुलांनाच शोधू द्यावे.