पक्ष्यांचे मस्टर

भारतात पक्ष्यांच्या जाती किती, असे कोणी विचारले तर उत्तराबरोबर साल सांगावे लागते. २०१६ साली जे. प्रवीण, राजा जयपाल व आशीष पिट्टी या तिघा अभ्यासकांनी ‘इंडियन बर्ड्स’ या नियतकालिकात देशाची जी यादी प्रसिद्ध केली, तीत १,२६३ जाती होत्या. पुढील सुधारित आवृत्त्यांत हा आकडा तेराशेच्या वर गेला. मग एवढ्या थोड्या वर्षांत हे नवे पक्षी आले कोठून?

काही खरोखरच बाहेरून येतात. पावसाळी वादळात खोल समुद्रावरचा एखादा पक्षी किनाऱ्याला लागतो, कोणी त्याचे छायाचित्र घेतो आणि नोंद होते. काही नावे एकाची दोन झाल्यामुळे वाढतात. हिमालयातील एका कस्तुराची जात एकच समजली जात होती. परंतु जंगलात राहणारा व उंच खडकाळ माळावर राहणारा यांची गाणी निराळी आहेत, हे ध्यानात आले. शरीराची मापे व आनुवंशिक द्रव्य तपासल्यावर २०१६ साली त्या दोन जाती ठरल्या आणि जंगलातल्या पक्ष्याच्या शास्त्रीय नावात सलीम अली यांचे नाव गोवले गेले.

पुराव्याची रीतही पालटली आहे. पूर्वी नवी जात सिद्ध करावयाची तर पक्षी मारून त्याचे कातडे संग्रहालयात ठेवीत. २००६ साली अरुणाचलातील ‘बुगुन लिओसिक्ला’ जगापुढे मांडताना रमण अत्रेय यांनी पक्षी मारला नाही. पक्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच दिसले होते; म्हणून मापे, छायाचित्रे व पिसे घेऊन त्यांनी ते सोडून दिले.

येथवर भर घालण्याची गोष्ट झाली. खोडण्याचे काम अधिक अवघड असते. मी कामगारांत काम करणारा माणूस. यादीचे मोल मला मस्टरने शिकवले. एका कारखान्यात कंत्राटदाराचे मस्टर तपासले, तेव्हा फाटकाच्या आत कधी न आलेल्यांची हजेरी लागलेली आढळली आणि दहा वर्षे राबलेल्यांची नावेच नव्हती. खोटी नोंद नुसती कागदावर राहत नाही. ती कोणाचा तरी घास नेते.

आपल्या खानदेशातील रानपिंगळ्याचे असेच झाले. ह्यूम यांनी १८७३ साली या लहानशा घुबडाचे वर्णन केले. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा पत्ता नव्हता. मात्र कर्नल माइनर्ट्झहागेन यांनी १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवीस तो मिळवल्याचे सांगितले होते आणि नामवंत माणसाच्या शब्दावर ती नोंद चालत राहिली. पुढे शोधास निघालेल्यांची तिने दिशाभूल केली. अखेर पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी ते कातडे बारकाईने तपासले. ते जेम्स डेव्हिडसन यांनी १८८०च्या दशकात मिळवलेले, संग्रहालयातून चोरून पुन्हा भरलेले व खोटी चिठ्ठी लावलेले निघाले! ती नोंद बाजूस सारून जुन्या खऱ्या ठिकाणी शोध घेतला, तेव्हा नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रानपिंगळा जिवंत सापडला. एकशे तेरा वर्षांनी! त्यानंतर तो मेळघाटात व तानसाच्या जंगलातही आढळला.

म्हणून बराच काळ न दिसलेल्याचे नाव कोणी घाईने खोडत नाही. गुलाबी डोक्याचे बदक गेली कित्येक दशके खात्रीने दिसलेले नाही. तरी ते या देशात होते, ही नोंद खरीच राहते. आणि खोटे ठरलेले नाव काढण्यात यादीची मानहानी नाही. ज्या यादीत दुरुस्ती होत नाही, तिच्याविषयीच शंका धरावी.

आपणही पक्षी पाहाल तेव्हा तारीख, ठिकाण व जे दिसले तेवढेच लिहावे. खात्री नसेल तर तसे लिहावे. कोणा एका पिंगळ्याचे रान त्या ओळीवर वाचेल.