पंप काय म्हणतो

सकाळी ८. पहिला फोन याच सुमारास येतो. कॉफीची तल्लफ आणि तक्रार, दोन्हींची वेळ एकच. "लाइट लागतोय, मशीन तापतंय, पण कॉफीच येत नाही." मी म्हणतो, "बटण दाबा आणि फोन मशीनजवळ धरा." घरगुती एस्प्रेसो मशीनचा पंप म्हणजे विजेच्या गुंडाळीत मागेपुढे होणारा छोटासा दट्ट्या. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला ५० ठोके. ते ऐकले की स्क्रूड्रायव्हर काढायच्या आधीच निम्मं काम होतं.

९.३०, कोथरूड. पंपाचा कोरडा खडखडाट. टाकी संपल्यावरही काकांनी बटण दाबूनच ठेवलं, पंपाने हवा ओढली आणि आता टाकी भरली तरी पाणी उचलत नाही. वाफेची नळी उघडली, खाली पेला धरला, पंप थोडा थोडा चालवला. या वाटेने अडथळा कमी, त्यामुळे हवा निघून जाते. आधी थुंकल्यासारखं, मग सरळ धारेने पाणी आलं.

"एवढ्याचे पैसे?" काका.

"माझ्या येण्याचे आहेत काका, हवेचे नाहीत."

११, बाणेर. इथे आवाज घुसमटलेला आणि कपात थेंब थेंब. मी मशीनला हात न लावता आधी किटली मागितली. तळाला पांढरा थर. खडकवासला धरणाचं पाणी तसं मऊ. या सोसायटीत मात्र टँकर आणि बोअरवेल. जड पाणी तापलं की त्यातले क्षार बाहेर पडून बॉयलर आणि बारीक नळ्यांना धरतात. उपाय: लिटरभर पाण्यात वीसेक ग्रॅम सायट्रिक ॲसिड, ढोकळ्यात घालतात तेच. थोडं पाणी सोडायचं, वीस मिनिटं मुरू द्यायचं, पुन्हा सोडायचं, शेवटी साध्या पाण्याच्या दोन टाक्या. घाई केली तर सुटलेला खडा पुढच्या झडपेत अडकतो. ताई म्हणाल्या, "व्हिनेगर चालेल ना?" क्षार विरघळतील, पण नंतर कितीतरी दिवस कॉफीला लोणच्याचा वास. "मग आरओचं पाणी घालते." काही मशीनांत बॉयलर भरलाय की नाही हे पाण्यातून वाहणाऱ्या विजेवरून कळतं. फारच कमी क्षारांचं पाणी असलं तर भरलेला बॉयलरही त्यांना रिकामा वाटतो. म्हणून मी पुस्तिका बघायला सांगतो.

१.३०. डबा, तोही स्कूटरवरच.

३, सदाशिव पेठ. दार उघडताच आजी म्हणाल्या, "मुलाने दिवाळीला आणलं, आणि आत्ताच बिघडलं बघ." पंप जड आवाज करतोय, कप कोरडा. मशीन बंद केलं, दाब उतरू दिला (घाईने पावडरीचा दांडा काढला तर गरम चोथा अंगावर उडतो), मग दांडा न लावता बटण दाबलं. पाणी भरभर आलं.

"आजी, मशीन ठणठणीत आहे. पावडर कोणती घालता?"

डबा पुढे आला. फिल्टर कॉफी, चिकोरीवाली. पितळी फिल्टरमध्ये ती सावकाश गळते, तिथे तिचं राज्य. इथे ९ बारच्या आसपास दाब. चिकोरी फुगून चिकट होते, बारीक भुकटी घट्ट बसते आणि पाण्याला वाटच उरत नाही. खोक्यावर ठळक छापलेले १५ बार ही पंपाची कमाल ताकद, चवीशी तिचा संबंध नाही. तरी लोक तोच आकडा बघून मशीन घेतात!

५.३०, वाकड. पंप गप्प. म्हणजे प्रश्न विजेचा किंवा सेन्सरचा. टाकीतल्या तरंगत्या चुंबकावर शेवाळ्याचा बुळबुळीत थर, त्यामुळे तो वर येत नव्हता आणि मशीनला टाकी रिकामी वाटत होती. पुसला, चाललं. नसतं चाललं तर मल्टिमीटर आणि थर्मल फ्यूज. ते काम घरी कुणी करू नये.

रात्री ८. उद्याचे फोन आताच सुरू झालेत. तेव्हा बोलावण्याआधी एवढं करा: टाकी नीट बसवा, दाब उतरल्यावर दांडा काढा, बटण दाबा. पाणी आलं तर मला बोलावू नका, पावडर बदला.