अंगणातली तोटी गळतेय? जोर लावून पिळू नका, आधी वायसर बघा

नळ बंद केला तरी टप टप चालूच. मग घरातलं कुणीतरी जातं, तोटी अजून जोरात पिळतं, खाली बादली लावतं आणि विषय तिथेच संपतो. काही दिवसांनी तोटी पुन्हा गळते, आणि आता आधीपेक्षा जास्त.

खरं तर हे पिळणंच तोटीचं आयुष्य कमी करतं. कसं ते बघू. पण त्याआधी एक हिशोब.

थेंबाथेंबाने किती पाणी जातं?

एक लिटरची रिकामी बाटली गळक्या तोटीखाली ठेवा. ती तासाभरात भरली, तर दिवसाला 24 लिटर पाणी वाया जातंय. 2019 मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने गावातल्या माणसामागे दिवसाला 55 लिटर पाण्याचं माप धरलंय. म्हणजे घरातल्या एका माणसाचं जवळपास निम्मं पाणी अंगणातच मुरतं.

बुलडाणा जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी नळाला रोज पाणी येत नाही, टाकीत साठवावं लागतं. समजा, पाणी आठ दिवसांनी येतं आणि तुमची टाकी 500 लिटरची आहे. या आठ दिवसांत 192 लिटर पाणी नुसतं गळून गेलं!

तोटी गळते कशामुळे?

पितळी तोटीच्या आत एक दांडी असते आणि दांडीच्या टोकाला रबराचा छोटा वायसर. आपण तोटी बंद करतो, तेव्हा हा वायसर खाली दाबला जाऊन पाण्याचं भोक बुजवतो. बाहेरच्या तोटीवर दिवसभर ऊन असतं. रबर कडक होतं, झिजतं. त्यात आपण जोर लावला की ते कापलं जातं.

संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव हा भाग तर खारपाणपट्ट्यातला. तिथल्या बोअरच्या पाण्यात क्षार जास्त. वायसर जिथे टेकतो तिथे पांढरा थर बसला, की फट राहते आणि पाणी झिरपतं.

आधी गळती ओळखा

बंद तोटीच्या तोंडातून पाणी येत असेल, तर वायसर गेलाय.

तोटी चालू असताना मुठीखालून पाणी येत असेल, तर तिथलं नट थोडं आवळून बघा. बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं.

भिंतीजवळच्या जोडातून पाणी येत असेल, तर तोटी काढून आट्यांवर नवी टेफ्लॉन टेप गुंडाळावी लागेल. टेप आटे ज्या दिशेने आवळतात त्याच दिशेने गुंडाळा. उलटी गुंडाळली तर तोटी बसवताना ती सुटून येते.

वायसर कसा बदलायचा?

1. टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा आणि तोटी उघडून पाइपातलं पाणी जाऊ द्या. तोटी थेट नळाच्या लाइनवर असेल, तर पाणी न येण्याचा दिवस निवडा.

2. एका हाताने तोटीचं अंग घट्ट धरा आणि पान्याने वरचा भाग डावीकडे फिरवून काढा. दांडी वायसरसकट हातात येईल.

3. जुना वायसर दुकानात दाखवून त्याच मापाचा घ्या. घरची तोटी बहुतेक अर्धा इंची असते, तरी नमुना सोबत असलेला बरा.

4. वायसर टेकतो त्या जागेवरून बोट फिरवा. पांढरा थर असेल, तर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावून थोडा वेळ ठेवा आणि जुन्या ब्रशने घासा. खड्डे लागले, तर नवा वायसर टिकणार नाही, तोटीच बदला.

5. वरचा भाग परत बसवताना मूठ तोटी उघडण्याच्या दिशेने फिरवून ठेवा. दांडी खाली राहिली, तर नवा वायसर पहिल्याच दिवशी चिरडतो.

अर्ध्या फेऱ्यात चालू-बंद होणाऱ्या तोटीत असा वायसर नसतो. तिचा आतला स्पिंडल अख्खा बदलतात. स्वस्त प्लास्टिकची तोटी मात्र दुरुस्त करत बसू नका, नवीनच लावा.

प्लंबर कधी बोलवायचा?

भिंतीतला पाइप जुना, लोखंडी आणि गंजलेला असेल, तर तोटी काढायला जोर लावू नका. पाइप भिंतीच्या आत तुटला, तर वायसरच्या कामासाठी भिंत फोडावी लागेल. तोटीसोबत पाइपही फिरतोय असं वाटलं, की तिथेच थांबा.

काम झाल्यावर व्हॉल्व्ह हळूहळू उघडा आणि तोटी पाणी थांबेल इतकीच बंद करा. रात्री खाली जुना पेपर अंथरून ठेवा. सकाळी तो कोरडा निघाला, म्हणजे जमलं.