उभ्या गाडीतून पाझरणारी वीज

डिचोली तालुक्यातील पाळी हे खाणपट्ट्यातील गाव. रात्रंदिवस धावणारी वाहने या भागाने पाहिली, तशीच महिनोन्‌महिने एका जागी उभी असलेलीही पाहिली. २०१२ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने गोव्यातील खनिजाचे काम थांबले आणि २०१८ च्या मार्चमध्ये ते पुन्हा थांबले, तेव्हा खनिज वाहणारे कितीतरी ट्रक जागच्या जागी उभे राहिले. गाडी फार दिवस उभी राहणार असे दिसले की जाणता चालक बॅटरीच्या एका टोकाची तार सोडवून ठेवतो. कारण विचाराल तर तो एवढेच सांगेल की, तार जोडलेली राहिली तर बॅटरी बसते.

आता त्याच अंगणांत विजेवर चालणाऱ्या स्कूटरी येऊ लागल्या आहेत. गोवा सरकारने २०२१ मध्ये विद्युत् वाहनांसाठी स्वतंत्र धोरणही आखले. या वाहनांत बॅटरी बसणे म्हणजे केवळ सकाळी गाडीला धक्का मारावा लागणे नव्हे. येथे बॅटरी हेच इंधन आणि बॅटरी हाच वाहनाच्या किमतीचा सर्वांत मोठा वाटा. ती नासली तर नवी घेण्याचा खर्च एखाद्या कुटुंबाला सहज पेलवेल असा नसतो. आणि आश्चर्याची गोष्ट अशी की, बॅटरी भरण्यासाठी गाडीत बसविलेला चार्जरच कधीकधी ती रिकामी करीत असतो.

हे कसे घडते? घरातील वीज सेकंदाला पन्नास आवर्तने करीत पुढे-मागे वाहते. बॅटरीला मात्र एकाच दिशेने वाहणारा प्रवाह लागतो. हा पालट चार्जर करतो. तो सुटा असला तर काम संपताच काढून फडताळात ठेवता येतो. गाडीतच बसविलेला असला तर त्याच्या बाहेर जाणाऱ्या दोन तारा बॅटरीला कायमच्या जोडलेल्या राहतात. भिंतीतील बटण बंद केल्यावर चार्जर झोपला असे आपल्याला वाटते. पण बॅटरीच्या बाजूने पाहिले तर त्याच्या अंगातील काही भाग जागेच असतात. व्होल्टेज मोजणारी साखळी, साठवण-धारकाशेजारचे छोटे रोधक, हिरवा-तांबडा दिवा, एखादे वेळी पंख्याचे मंडळ, हे सारे बॅटरीतून थेंब थेंब प्रवाह ओढीत राहते.

थेंब म्हणजे किती? समजा, ही गळती २० मिलिअँपियर आहे, म्हणजे एका अँपियरचा पन्नासावा भाग. दिवसाच्या २४ तासांत जवळजवळ अर्धा अँपियर-तास गेला. ३० दिवसांत १४.४ अँपियर-तास गेले. लहान स्कूटरची बॅटरी ३० अँपियर-तासांची धरली, तर महिन्यात तिचा निम्मा साठा गेला आणि दोन महिन्यांनी खडखडाट. रोज चालणाऱ्या गाडीत ही गळती कोणाच्या लक्षातही येत नाही. मालक आखातात नोकरीला असेल आणि गाडी मागे छपराखाली झाकून ठेवलेली असेल, तेव्हा ती घात करते.

हा प्रश्न विद्युत् वाहनांबरोबर जन्मलेला नाही. मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी जुनी फियाट किंवा त्या काळची अँबॅसडर ज्यांनी चालविली आहे, त्यांना ‘कटआउट’ हा शब्द आठवेल. त्या गाड्यांत बॅटरी भरण्याचे काम डायनॅमो करी. इंजिन थांबले की डायनॅमोचा दाब उतरे आणि बॅटरीतील वीज उलट त्याच्यात शिरू पाही. ती वाट तोडण्यासाठी एक लहानसे विद्युत्‌चुंबकी झाकण बसविलेले असे, तेच कटआउट. त्याचे पॉइंट चिकटले की रातोरात बॅटरी बसे आणि डायनॅमो तापे. पुढे आल्टरनेटर आले आणि त्यांच्यातील डायोड प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देतात, म्हणून कटआउटची गरज संपली. आजच्या चार्जरला नेमके हेच दोन उपाय लागू पडतात.

डायोड हा सोपा उपाय. चार्जर आणि बॅटरी यांच्यामध्ये तो बसविला की वीज बॅटरीकडे जाते, परत येत नाही. परंतु हा द्वारपाल फुकट काम करीत नाही. साधा डायोड सुमारे ०.७ व्होल्ट स्वतःकडे ठेवून घेतो; १० अँपियरचा प्रवाह असेल तर ७ वॅट नुसत्या उष्णतेत जातात आणि बॅटरीही किंचित अपुरी भरते. ती उणीव भरून काढण्यासाठी कोणी अंदाजाने चार्जरचा दाब वाढविला, तर मात्र रोगापेक्षा औषध भारी. लिथियमची बॅटरी मर्यादेबाहेर भरणे हे ती रिकामी होण्यापेक्षाही घातक आहे.

म्हणून चांगल्या चार्जरमध्ये रिले असतो. भिंतीतून वीज आली की त्याचा चुंबक सजीव होतो आणि बॅटरीची वाट जोडतो. वीज गेली की स्प्रिंग ती वाट तोडते. पाळीसारख्या गावात याचे मोल जून ते सप्टेंबर या काळात कळते. पावसात फांदी तारेवर पडून वीज गेली आणि स्कूटर प्लगला तशीच राहिली, तर रिले नसलेला चार्जर त्या अंधाऱ्या तासांत भरलेलेच परत पीत बसतो. मात्र हा रिले घरगुती दिव्याच्या मापाचा चालत नाही. उलटसुलट प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि ठिणगी आपोआप विझते. एकदिश प्रवाहात तसे होत नाही, ठिणगी तुटत नाही, आणि संपर्क जळून चिकटतात. शिवाय चार्जरमधील धारक रिकामे असताना रिले एकदम जुळला तर मोठा झटका बसतो. म्हणून आधी चार्जर भरतो, मग क्षणभराने रिले जुळतो.

मोटारींची गोष्ट थोडी वेगळी. पुण्याशी नाते असलेल्या टाटांची नेक्सॉन विजेवर आली ती २०२० मध्ये, ३०.२ किलोवॅट-तासांची बॅटरी आणि अंगातच ३.३ किलोवॅटचा चार्जर घेऊन. अशा मोटारीत मुख्य बॅटरीच्या तोंडाशीच मोठे संपर्क असतात आणि गाडी बंद होताच ते उघडतात. मग चार्जरला ओढावयास काही उरतच नाही. येथे बसते ती १२ व्होल्टची छोटी बॅटरी. कुलपे, संगणक, दूरसंदेश यंत्रणा हे सारे तिच्यावर जगतात. ती बसली तर मुख्य बॅटरी भरलेली असूनही संपर्क जुळत नाहीत आणि गाडी उठत नाही. हंडा भरलेला, पण पळी हरवलेली!

खरे नुकसान मात्र मुख्य बॅटरी तळाला जाते तेव्हाचे. शिसे-आम्लाच्या बॅटरीत पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो. लिथियमच्या घटाचा दाब बराच खाली उतरला की आतील तांब्याचा पत्रा विरघळू लागतो. तोच घट पुन्हा भरावयास घेतला तर ते तांबे भलत्या जागी जमून आतल्या आत लघुमंडल होऊ शकते. बॅटरीतील संरक्षक मंडळ हे टाळते खरे, परंतु काही बॅटऱ्यांत चार्जिंगची वाट निराळी असते आणि त्या वाटेवर खालच्या मर्यादेचा पहारा नसतो. गळती तेथूनच होते.

तेव्हा स्कूटर महिना-दोन महिने उभी राहणार असेल, तर ती साठ टक्क्यांच्या आसपास भरून ठेवावी, काठोकाठ नव्हे. सीटखालचा स्विच खाली करावा. पण तो चार्जरची वाट तोडतो की फक्त मोटरची, हे कारागिराकडून आधी पाहून घ्यावे, कारण पुष्कळ गाड्यांत चार्जरची जोडणी स्विचच्या अलीकडे असते. गळती किती आहे हे त्यानेच मिलिअँपियरमध्ये मोजावे. साठ व्होल्टशी हौशी माणसाने खेळू नये. आणि घरी राहणाऱ्या कोणीतरी महिन्यातून एकदा आच्छादन बाजूला करून काटा पाहावा. तो चाळीसच्या खाली गेला असेल तर तासभर गाडी भरावी आणि नंतर भिंतीतील बटणावर न थांबता प्लगही काढून ठेवावा.